नकाशेवाले भाऊ

अकोल्याच्या एखाद्या कचेरीत जिन्याजवळच्या भिंतीला नाक लावून, हातात मोजपट्टी घेऊन कुणी उभं दिसलं, की समजावं हे नकाशेवाले भाऊ. हुद्दा वरिष्ठ लिपिक, घर अमरावतीला, रोजचं अपडाउन. जून 2022मध्ये याच रस्त्यावर 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. तेव्हापासून भाऊ दर बैठकीत विचारतात, "पंच्याहत्तर किलोमीटर डांबर पाच दिवसांत पडते, अन् आपला एक बाण सरकवाले तीन महिने?"

बाण म्हणजे आग लागल्यास बाहेर कसं पडायचं, त्या नकाशावरचा हिरवा बाण. इतरांच्या लेखी तो कागद भिंतीचे पोपडे झाकायला लावलेला. ठेकेदाराने एकच नकाशा तिन्ही मजल्यांवर चिकटवला होता. त्यामुळे कुठेही उभे राहा, 'आपण येथे आहात' हा लाल ठिपका आपल्याला थेट साहेबांच्या केबिनमध्ये नेऊन बसवायचा. काही जण त्यानेही सुखावत. भाऊंनी मात्र प्रत्येक भिंतीसाठी वेगळा नकाशा काढून घेतला. "नकाशातलं उजवं थेच माणसाचं उजवं पायजे. धुरात कोन उलटं डोकं चालवते बाप्पा?"

शिपायाने एकदा छेडलं, "भाऊ, आग लागली त नकाशा कोन वाचत बसते?"

"लागल्यावर नाही वाचाचा. डबा खाऊन हात धुवाले जातो ना, तवा वाचाचा."

भाऊंचं खरं वैर आगीशी नाही, कूलरशी. राज्याच्या 2006च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा ठीक असल्याचा 'फॉर्म बी' जानेवारीत आणि जुलैत द्यायचा. म्हणजे जानेवारीत कूलर माळ्यावर आणि जुलैत पावसाने गपगार! कायदा करणाऱ्यांनी वऱ्हाडातला मे काही काढलेला दिसत नाही. पारा 44वर गेला की मागच्या दारात लोखंडी स्टँड येतो, त्यावर लेखा शाखेचा घरघरता कूलर, खाली बादली, शेजारी लोंबता एक्स्टेन्शन बोर्ड. कूलरला बाहेरची हवा हवी, माणसाला बाहेरची वाट, आणि दार एकच.

भाऊ भांडले नाहीत. त्यांनी नकाशावर लाल पेनाने कूलर काढला, मापात, बादलीसकट. हिरवा बाण जाऊन त्यावर आपटला. साहेबांनी चष्मा वर केला, "हे काय?"

"जे हाय थेच काढलं, साहेब. खोट्या नकाशावर मी सही नाही करत."

दुसऱ्या दिवशी कूलर खिडकीत गेला. लेखा शाखा अजून भाऊंशी धड बोलत नाही.

14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन, 1944च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाच्या स्मरणाचा. पण त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून आमची रंगीत तालीम त्याच आठवड्यात पुढे कधीतरी होते. यंदा भोंगा वाजला, मंडळी डोक्यावर दुपट्टे, रुमाल, फायली धरून बाहेर पडली आणि मैदानातली 'एकत्र येण्याची जागा' ही पाटी ओलांडून सरळ निंबाच्या सावलीत जाऊन थांबली. पाटीखाली भाऊ एकटेच, शिट्टी तोंडात.

ते रागावले असते तर गंमत संपली असती. पण त्यांनी निंबापासून इमारतीचं अंतर मोजलं, अग्निशमनाची गाडी कुठून वळेल ते चालून पाहिलं आणि नकाशातली खूण निंबाखाली हलवली. अट एकच : तिथल्या गाड्या हटवायच्या. पहिलीच गाडी साहेबांची निघाली. भाऊंनी तिचा नंबर घालून टिपण सादर केलं, आणि मंजुरीसाठी साहेबांपुढेच ठेवलं.