इकडे तसं नसतं

नेदरलँड्समध्ये, विशेषतः अ‍ॅमस्टेलव्हेन किंवा आइंडहोव्हन येथे, दहाएक वर्षे काढून नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला डच शेजाऱ्याच्या वाढदिवसाची दीक्षा देणारा गृहस्थ वाचकांच्या परिचयाचा असणारच. प्रश्न पुरा होण्यापूर्वीच 'इकडे तसं नसतं' असे उत्तर देणे हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण होय.

भेट म्हणून चांदीची वाटी न्यावी काय, असे विचारताच तो 'इकडे तसं नसतं' म्हणून फुलांवर भागवण्यास सांगतो. वस्तू न्यायचीच असेल, तर ती बदलून घेता यावी म्हणून दुकानाची पावतीही सोबत द्यावी, असे बजावतो. आठचे बोलावणे म्हणजे जेवण असेल, ही आशाही तो त्याच तीन शब्दांत मोडीत काढतो, कारण डच घरात जेवणे सहाच्या सुमारास आटोपतात. पाहुण्यांच्या खुर्च्या 'क्रिंग' म्हणजे कडे करून मांडलेल्या असतात, आणि आत येणाऱ्याने त्या कड्यातील प्रत्येकाशी हात मिळवून 'खेफेलिसिटेर्ट', म्हणजे अभिनंदन, असे म्हणायचे असते; उत्सवमूर्तीइतकेच तिच्या पत्नीचे, सासूचे आणि मेहुण्याचेही. सासूने काय केले, अशी रास्त शंका कोणी काढलीच, तर उत्तर ठरलेले आहे. कॉफीबरोबर केकचा एक तुकडा मिळतो. दुसऱ्याचा आग्रह होत नाही. (आग्रहाशिवाय खाल्लेला केक अंगी लागतो की नाही, याचा शास्त्रार्थ अद्याप व्हावयाचा आहे.)

मात्र चीजच्या चौकोनी तुकड्यांची, मोहरीच्या चटणीसह फिरणारी बशी या दीक्षागुरूच्या हाती आली, की तो अर्धवट उठून शेजारच्या आजीबाईंपुढे ती धरतो आणि 'अजून एक, एकच!' असे अस्खलित डच भाषेत विनवतो, आणि त्या लाजत दोन उचलतात.

डच घरांत वाढदिवसांची दिनदर्शिका शौचालयात टांगण्याची प्रथा आहे. तीत वार नसतात, केवळ तारखा असतात, त्यामुळे ती वर्षानुवर्षे चालते. या गृहस्थाने स्वतःच्या घरीही ती टांगली आणि १ जूनच्या रकान्यात आई, वडील, दोन काका व एक आत्या अशी नावे दाटीवाटीने लिहिली, कारण जन्मतारखा कोणी टिपून न ठेवलेल्या त्या पिढीला शाळेत घालताना गुरुजी बहुधा तीच तारीख लावून मोकळे होत. त्या रकान्याने थक्क झालेला शेजारी तेव्हापासून दर १ जूनला फुले घेऊन दारात उभा राहतो आणि आई, वडील, दोन्ही काका व आत्या यांच्याबद्दल या गृहस्थाचे एकेक करून अभिनंदन करतो. तारीख खरी नाही, हे सांगण्याचा नाद त्याने केव्हाच सोडला आहे. त्याच्या आईचा वाढदिवस जगात आणखी कोणी लक्षात ठेवत नाही. संध्याकाळी फोनवर आई शेजाऱ्याला जेवायला वाढलेस की नाही, एवढेच विचारते, आणि शेजारी तोवर तिसऱ्या पुरणपोळीसाठी तुपाची वाटी पुढे ओढत असतो.