श्री. कुलूपराव यांस खुले पत्र

प्रति,
श्री. कुलूपराव,
मुक्काम : मुलींचे स्वच्छतागृह, आमच्या गावची शाळा.



कोरोनात भल्याभल्यांची नोकरी गेली, तुमची मात्र कायम झाली. मार्च 2020 मध्ये शाळेच्या फाटकाला तुमचे थोरले बंधू लागले होते. शाळा भरली आणि ते बिचारे खुंटीला गेले. तुम्ही अजून कडीला लटकून आहात. हल्ली इतकी निष्ठा कुठे बघायला मिळते?

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा पोरांच्या आरोग्याची कोण धांदल उडाली होती! कपाळाला थर्मल गन, हातावर सॅनिटायझर. एका देणगीदाराने पायाने दाबायचे हात धुण्याचे यंत्र दिले, त्याचा फोटो निघाला. आता त्याची पायपट्टी गंजली आहे. हात धुण्याच्या पायऱ्या मात्र पोरांना पाढ्यांसारख्या पाठ. 15 ऑक्टोबरला, जागतिक हात धुणे दिनी, सगळी रांगेत उभी राहतात आणि कोरडे हात कोरड्या हातांवर मन लावून चोळतात. नळाला पाणी नाही, एवढीच काय ती उणीव.

तुमची खरी कर्तबगारी सातवीतल्या मुलींच्या दप्तरात दिसते. सकाळी भरून नेलेली पाण्याची बाटली संध्याकाळी जवळजवळ तशीच परत येते. दोन घोट झाले असतील तर तेही डबा घशाखाली उतरावा म्हणून. पाणी प्यायले की जावे लागते, आणि जायचे म्हणजे मधल्या सुट्टीत दोघीतिघींनी मिळून शाळेमागच्या बाभळीपर्यंत. एकीने ओढणी धरायची, दुसरीने रस्त्याकडे बघायचे. त्यापेक्षा तहान परवडते. मग लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, आणि घरी ऐकायचे, ‘पाणीच पीत नाहीस तू.’ पाळीच्या दिवसांत तर हा हिशोबही जमत नाही. हजेरीपटावर सरळ गैरहजर. कारणाच्या रकान्यात तुमचे नाव लिहायची पद्धत नाही, म्हणून वाचलात.

तुमच्याविरुद्ध कायदा नाही असे नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी लिहिलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सहा महिन्यांची मुदत घातली. 2014 च्या स्वातंत्र्यदिनी हा विषय लाल किल्ल्यावरून निघाला. पण त्या सगळ्यांना हवे होते ते बांधकाम, आणि आमच्या शाळेत ते झाले. फरशी आहे, भांडे आहे, भिंतीवर घोषवाक्य आहे. वर तुम्ही आहात.

साहेब येणार असले की तुम्ही तासभर रजेवर जाता. फिनाईलचा वास सुटतो, साहेब वाकून बघतात, शेरा लिहितात. गाडी वळली की तुम्ही पुन्हा कामावर.

विचारले तर उत्तर तयार असते : ‘उघडे ठेवले तर घाण होते.’ खरेच आहे की! वापरले नाही तर काहीच घाण होत नाही. या न्यायाने फळा आणि पुस्तकेही तुमच्याच ताब्यात द्यायला हवीत.

आता तुमच्या पाठीराख्यांविषयी. शाळेत सफाईला माणूस नाही. एकतीस ते शंभर पटाच्या शाळेला ‘समग्र शिक्षा’ योजनेतून वर्षाला 25 हजारांचे संयुक्त अनुदान. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी. म्हणजे महिन्याला दोनशे रुपये आणि वर थोडी चिल्लर. एवढ्यात झाडू, ब्रश, फिनाईल, मोटारीची दुरुस्ती आणि एका माणसाची मजुरी बसवून दाखवणाऱ्याला अर्थमंत्री करायला हवे. ते जमत नाही, म्हणून मुख्याध्यापक तीनेकशे रुपयांत तुम्हाला आणतात. त्यांना तरी किती बोलायचे?

तुम्ही एकटे नाही, याचा अभिमान बाळगा. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांपैकी 68.4 टक्के ठिकाणी 2022 मध्ये मुलींचे स्वच्छतागृह वापरण्याजोगे होते; 2024 मध्ये 72 टक्के. उरलेल्यांत कुठे बांधकामच नाही, कुठे पाणी नाही, आणि कुठे तुमचे भाऊबंद पहाऱ्यावर आहेत.

जूनमध्ये शाळा उघडेल. शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्याच बैठकीत ग्रामपंचायतीकडे पाण्याची जोडणी आणि रोज तासभर येणारी सफाईची बाई मागणार आहोत. तुम्हाला निरोप समारंभ हवा असेल तर नारळाची सोय आम्ही करू.

आपली,
एक पालक

ता. क. : शिक्षकांच्या स्वच्छतागृहालाही कुलूप आहे. त्याची किल्ली मात्र कधी हरवत नाही.