आडवे पडा, पण झोपू नका

बिझनेस क्लासचं तिकीट वसूल कसं करावं, हे मराठीत कुणी सांगत नाही. ज्यांना परवडतं त्यांना वसुलीची गरज नसते. ज्यांना असते, ते मुलाने साठवलेल्या पॉइंटांवर आयुष्यात एकदा जातात. आजचं सदर या दुसऱ्या मंडळींसाठी.

आधी बसण्याचा मान मिळतो, तो घ्याच. छोट्या विमानात पुढच्या दाराने येणारा प्रत्येक जण बॅग सावरत तुमच्या खुर्चीला घासून मागे जातो. अशा वेळी हातात सरबत आणि चेहऱ्यावर ‘आमचं रोजचंच’ असा भाव असावा. लंडनच्या मोठ्या विमानात मात्र घात होतो. तिथे पुष्कळदा दुसऱ्या दाराने चढवतात: तुम्ही डावीकडे, दुनिया उजवीकडे, मध्ये पडदा. एवढे पैसे मोजायचे आणि बघायला कुणी नाही! म्हणून विमान हलण्याआधी फॅमिली ग्रुपवर फोटो गेला पाहिजे. यात लाजण्यासारखं काही नाही. सप्टेंबर 2009 मध्ये केंद्राने काटकसरीचं फर्मान काढलं, तेव्हा सोनिया गांधी दिल्लीहून मुंबईला इकॉनॉमीतून आल्या आणि त्याची देशभर बातमी झाली. साधेपणाला कॅमेरा चालतो, मग थाटाने काय घोडं मारलंय?

आता खाणं. सरकार 22 सप्टेंबर 2025 पासून या तिकिटावर 18 टक्के जीएसटी घेतं, इकॉनॉमीवर 5. मधले 13 टक्के पोटातूनच काढावे लागणार. पण केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तितका, म्हणजे तुम्ही कळसूबाईच्याही वर बसून जेवताय. त्यात कोरडी हवा आणि इंजिनाची घरघर. जिभेला मीठ-साखर धड कळत नाही. शॅम्पेन पचपचीत लागली तरी ‘वा!’ म्हणा, आणि पिशवीतला लिंबाच्या लोणच्याचा पाऊच हळूच काढा. हवाईसुंदरीने पाहिलं तर तिलाही विचारा.

खरी पंचाईत बिछान्याची. 2000 साली ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारी खुर्ची आणली आणि मध्यमवर्गीय प्रवाशाची झोप कायमची उडाली. पैसे मोजले ते आडवं पडायला. पण डोळा लागला, की सुखाचे सात तास नकळत निघून जाणार; झोप तर घरीही फुकट लागते. तेव्हा दर अर्ध्या तासाने बटण दाबावं. पाठ खाली, पाय वर, पुन्हा बसतं. मधल्या वेळात विमानात मिळालेला पाऊच उघडून मोजे, डोळ्यांची पट्टी, बोटभर टूथपेस्ट मोजून परत ठेवावी. हे वापरायचं नसतं. पुढच्या दिवाळीत जावयाला द्यायचं असतं. दुलई मात्र त्यांची आहे. पुन्हा सांगतो, त्यांचीच आहे.

उतरल्यावर बॅगेवरचा ‘प्रायॉरिटी’ टॅग कापू नका. त्याने बॅग पट्ट्यावर आधी येतेच असं नाही, पण तो वर्षानुवर्षं टिकतो. लिफ्टमध्ये टॅगची बाजू बाहेर ठेवून उभे राहा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तो नीट वाचतील आणि काळजीने विचारतील, “काय हो, व्हीलचेअर घ्यावी लागली का?”