टीटीचे इंजेक्शन घेण्याची रूढ पद्धत

टीटीचे इंजेक्शन घेण्यासाठी प्रथम एक खिळा लागतो. तो गंजका असावा, असा संकेत आहे. धनुर्वाताचे जंतू खरे म्हणजे माती, धूळ आणि शेण यांत बीजाणूरूपाने वर्षानुवर्षे तग धरून असतात; गंजाशी त्यांचे काही नाते नाही. गुलाबाचा काटा किंवा गोठ्यातले फावडेही पुरते. पण काट्याला कोणी भीत नाही, म्हणून मान खिळ्याचा.

जखम धुण्यात वेळ दवडू नये. साबण-पाण्याने घाण निघून गेली, तर हवेवाचून वाढणाऱ्या या जंतूंची मोठीच गैरसोय होते. शिवाय तेवढ्यात दवाखान्यातला नंबर मागे जातो.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची : आधीचा डोस कधी घेतला, हे आठवू नये. आठवल्यास इंजेक्शन लागणारच नाही, असा धोका संभवतो. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मिळणाऱ्या लसींत धनुर्वाताची लस असते. मग दीड वर्षाला, पाच वर्षे पूर्ण झाल्यावर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी बूस्टर. त्यानंतर दर 10 वर्षांनी एक पुरतो. किमान तीन डोस झालेल्याला किरकोळ, स्वच्छ जखमेसाठी शेवटच्या डोसाला 10 वर्षे उलटल्याशिवाय नवा लागत नाही. खोल किंवा मातीने भरलेल्या जखमेसाठी ही मुदत 5 वर्षे. लोकमानसात मात्र ती सहा महिनेच आहे. प्रौढपणी पहिल्यांदाच लस घेणाऱ्याला दुसऱ्या डोसानंतर किमान सहा महिन्यांनी तिसरा देतात. बहुधा तिथूनच हा आकडा सुटून गावभर फिरत असावा.

सहामाही नेमाचे फळही मिळते. रक्तात प्रतिपिंडे आधीच भरपूर असताना पुन्हा टोचले, तर दंड खांद्यापासून कोपरापर्यंत सुजू शकतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांत याला ‘इंजेक्शन लागू पडले’ म्हणतात.

ज्याचे तीन डोस झालेले नाहीत किंवा झाले की नाही हेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी ही पद्धत नाही. त्याची जखम मळकट असेल, तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडेही द्यावी लागतात. नुसत्या लशीला संरक्षण उभे करायला वेळ लागतो. धनुर्वातातून वाचलेल्यालाही लस चुकत नाही. या रोगाचे विष इतक्या अल्प मात्रेत घात करते, की शरीर त्याची ओळखही ठेवत नाही.

घरातल्या बायकांना गरोदरपणी महिन्याच्या अंतराने दोन डोस मिळतात. आधीच्या गरोदरपणाला तीन वर्षे झालेली नसतील, तर एकच. आजोबांचा शाळेनंतर कोणी दंड धरलेला नसतो आणि गोठ्यात रोज तेच जातात. नातू मात्र दर क्रिकेट हंगामात टोचून घेतो.

सरकारी लसीकरणात आता टीटीऐवजी घटसर्पाचाही अंश असलेली टीडी देतात. मागताना ‘टीटी’च म्हणावे, परिचारिकेला कळते.