चेस्टर, लॅरी आणि मी

"नुसतं काम करून भागत नाही, काम दिसलं पाहिजे," असं आमचे गाइड म्हणतात. मला ते लगेच पटलं. काम करायला उन्हातान्हात हिंडावं लागतं, दिसायला वाय-फाय पुरतं. त्यामुळे प्रबंधाचं पहिलं प्रकरण सुरू होण्याआधीच गूगल स्कॉलर, रिसर्चगेट आणि लिंक्डइन अशा तिन्ही ठिकाणी माझी प्राणप्रतिष्ठा झाली. लिंक्डइनवर मी 'भूजल संशोधक' आहे; घरी 'अजून शिकतेय' आहे. फोटो लायब्ररीत, जाडजूड ग्रंथांपुढे हाताची घडी घालून काढला. ग्रंथ कायद्याचे होते, पण त्यांचं बाइंडिंग फार रुबाबदार होतं.

आडनाव पाटील आणि आद्याक्षर एस असलं की स्कॉलरवर एकटं राहता येत नाही. यंत्राने माझ्या खात्यात उसावरची कीड आणि हृदयशस्त्रक्रिया आणून टाकली. ती काढताना हात जड झाला, कारण उसावरच्या किडीला माझ्या विहिरींपेक्षा पुष्कळ मागणी होती. अशा गोंधळावर उपाय म्हणून २०१२ पासून संशोधकांना ऑर्किड नावाचा १६ आकडी क्रमांक मिळतो. मीही घेतला. आता माझा एच-इंडेक्स निर्विवादपणे माझाच आहे: एक.

हा एच-इंडेक्स २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने काढला. तुमच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा सायटेशन, म्हणजे इतर निबंधांत उल्लेख, असतील, तर तो दहा. माझ्या एका निबंधाला एक सायटेशन आहे, आणि ते देणारी विदुषी मीच.

इथे मांजरांचा विषय निघणं भाग आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने हेलियमवर एकट्याने निबंध लिहिला, पण लिहिताना सगळीकडे 'आम्ही' म्हटलं. लेखक एकच असेल तर 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' हे मासिक 'आम्ही' चालवून घेत नाही, असं एका सहकाऱ्याने सांगितलं. जमाना टाइपरायटरचा. सगळं पुन्हा बडवण्यापेक्षा त्याने आपल्या चेस्टर नावाच्या सयामी मांजराला सहलेखक केलं. नाव दिलं एफ. डी. सी. विलार्ड. एफ आणि डी म्हणजे मांजराची शास्त्रीय जात, सी म्हणजे चेस्टर आणि विलार्ड हे चेस्टरच्या वडिलांचं नाव. जात, नाव, वडिलांचं नाव: आपल्याकडचा कुठलाही फॉर्म त्याने विनातक्रार भरला असता! निबंध तिथेच छापून आला. काही प्रतींवर चेस्टरने पंजाची सही केली आणि १९८० मध्ये त्याच्या एकट्याच्या नावावर फ्रेंचमध्ये लेखही आला. मला फ्रेंच येत नाही. पुढे २०२४ मध्ये सायटेशनचा बाजार किती सोपा आहे हे दाखवायला दोन संशोधकांनी लॅरी नावाच्या बोक्याचं स्कॉलर प्रोफाइल खोट्या निबंधांनी फुगवलं. लॅरीचा एच-इंडेक्स अकरा झाला. मी ते वाचलं तेव्हा आमची मनी माझ्या प्रबंधावर झोपली होती. तिच्याकडे मी प्रथमच ज्युनिअर म्हणून पाहिलं.

मांजरांवर माझा राग नाही. राग आहे तो माझ्या पहिल्या निबंधातल्या तिसऱ्या नावावर. त्या गृहस्थांनी माझी एकही विहीर पाहिलेली नाही. 'घालून टाका, पुढे उपयोगी पडतात,' असं मला सांगण्यात आलं. चेस्टर निदान मालकाच्या घरात राहत होता.

आणि विहिरी मोजणाऱ्या शेतकरी आबांचं नाव खाली, आभारात, बारीक टायपात. आभार कुठल्याच इंडेक्समध्ये धरत नाहीत. मराठवाड्यातल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून आणि झिजलेल्या थरांमधून फिरतं. वीस पावलांवरच्या दोन विहिरींचं एकमेकींशी पटेलच असं नाही. सरकारी निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात. आबा दर अमावास्येला मोजतात. हातभर अंतरावर गाठी मारलेली सुताची दोरी, टोकाला लोखंडी नट; ओल्या झालेल्या गाठीला चिमटीत धरायचं, मोजायचं आणि वहीत लिहायचं. खताच्या दुकानातून मिळालेल्या डायऱ्यांत मागच्या दुष्काळांचे आकडे आहेत, शेजारी बैलाच्या पेंडेचा हिशेब. माझ्या निबंधातले सगळे आलेख त्या डायऱ्यांमधून उठलेत. मी डायऱ्या परत द्यायला गेले, तेव्हा छापील निबंधावरून बोट फिरवत त्यांनी एवढंच विचारलं, "ह्यात आपली हीर कुठंय?" मी नकाशावरचा ठिपका दाखवला.

दुसऱ्या निबंधात मी आबांना लेखक केलं. मसुदा त्यांना मराठीत वाचून दाखवला; त्यांनी दोन आकडे खोडले आणि दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर निघालं. गाइड आधी चष्म्यावरून बघत राहिले, मग म्हणाले, "घाल." 'संस्था' या रकान्यात मी 'शेतकरी' लिहिलं. नातवाच्या ईमेलवर आबांचा ऑर्किड काढला. त्यांनी मोबाइल लांब धरून आकडे मोजले.

"आधारला बारा, ह्याला सोळा. ह्याच्यावर मिळतंय काय?"

"काही नाही, आबा."

"मग चार आकडे जादा कशाला?"

याचं उत्तर ऑर्किडकडे असेल, माझ्याकडे नाही.

तर वाचकहो, निबंध आता छापून आला आहे आणि आपण कुठल्याही विषयावर काही लिहीत असाल, तर तो अवश्य साइट करावा. विषय जुळत नसला तरी मी मनाला लावून घेणार नाही. फक्त तीन लेखक झाले की पहिलं नाव लिहून बाकीच्यांना 'आणि इतर'मध्ये ढकलायची रीत आहे, ती पाळू नका. आबांचं नाव तिसरं आहे. जागा कमी पडली तर माझं गाळा. (पण आधी दुसरं काही गाळता येतं का, तेवढं बघा.)