आपला तो बाब्या, धूर शेजाऱ्याचा

मार्च संपला की कंपन्यांच्या ॲडमिन विभागात शोधाशोध सुरू होते. जनरेटरला वर्षभरात डिझेल किती लागलं, एसीत गॅस कितीदा भरला, आग विझवायची लाल नळकांडी कधी रिफिल केली, सगळी बिलं हवीत. सिक्युरिटी केबिनमधलं लॉगबुक पावसाने भिजून पापड झालेलं असतं. त्यातले लिटर कसेबसे वाचून एक्सेलमध्ये चढवायचे. लिटरभर डिझेलमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. पण खरा भाव खातो तो एसीवाला. आर-४१०ए जातीचा गॅस किलोभर गळला, तर खात्यावर एकदम दोन टन कार्बन डायऑक्साइड चढतो.

हा खटाटोप शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या बीआरएसआर, म्हणजे व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवालासाठी. बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना तो २०२२-२३ पासून बंधनकारक आहे. मोजायची रीत मात्र बाहेरून आली. वॉशिंग्टनची वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि उद्योगांची एक जागतिक परिषद यांनी २००१ साली ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल काढला आणि धुराचे तीन कप्पे केले. स्वतःच्या धुराड्यातला आणि गाड्यांतला तो स्कोप १. विकत घेतलेल्या विजेमागचा तो स्कोप २. पुरवठादारांपासून विकलेला माल वापरणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत बाकी सगळ्यांचा तो स्कोप ३.

कप्पे झाले की सामान हलवता येतं. कंपनीने आपले ट्रक कंत्राटदाराला विकून त्याच्याकडूनच भाड्याने माल पाठवला, तर स्कोप १ मधला धूर स्कोप ३ मध्ये जातो. ट्रक तेच, ड्रायव्हर तोच, खंबाटकी घाटातला काळा ढगही तोच. बीआरएसआरमध्ये पहिले दोन स्कोप सक्तीचे आणि तिसरा ऐच्छिक, हा निव्वळ योगायोग समजावा.

स्कोप ३ मोजायची एक पद्धत तर खरेदी विभागाला हार घालावा अशी आहे. मालामागचा प्रत्यक्ष धूर ठाऊक नसेल तर खर्च झालेल्या रुपयांना ठरावीक गुणकाने गुणायचं. म्हणजे पुरवठादाराशी घासाघीस करून दहा टक्के सूट मिळवली, की उत्सर्जनही दहा टक्क्यांनी उतरलं! महागाई भडकली की तेवढाच माल जास्त धूर ओकू लागतो. अहवालात ‘उलाढालीच्या दर रुपयामागे उत्सर्जन’ असाही एक आकडा असतो. तिथे हीच महागाई कंपनीच्या बाजूने लढते.

सगळ्यात बहार स्कोप २ मध्ये. २०१५ पासून तो दोन पद्धतींनी मांडतात. एक जागेनुसार, म्हणजे ज्या ग्रिडमधून वीज आली त्या ग्रिडच्या सरासरीने. भारतात ती युनिटमागे सुमारे ०.७ किलो पडते, चंद्रपूर-कोराडीच्या कोळशाची कृपा. दुसरी बाजारानुसार, म्हणजे हरित विजेची प्रमाणपत्रं घेतली असतील तर ती वजा करून. एकादशीचा उपास कुणीतरी धरायचा, पावती आपल्या नावाने फाडायची आणि मिसळ चापायला मोकळं व्हायचं, त्यातलाच हा प्रकार. प्रमाणपत्र पवनचक्कीचं असलं, तरी दिवे ग्रिडमध्ये जे असेल त्यावरच लागतात.

मेटा, म्हणजे फेसबुकची मालक कंपनी. २०२२ सालचं तिच्या डेटा सेंटरांचं स्कोप २ उत्सर्जन बाजाराच्या पद्धतीने भरलं २७३ टन. जागेच्या पद्धतीने तेच ३८ लाख टनांच्या वर. सर्व्हर तेच, वर्षही तेच. खोटं कुणी बोललं नाही, दोन्ही आकडे नियमात चोख बसतात. दर्शनी भागात कोणता लावायचा, एवढाच प्रश्न. आणि लग्नाच्या अल्बममधला कोणता फोटो भिंतीवर जातो हे कुणाला सांगायला नको.

आता प्रोटोकॉलवाल्यांच्याच मनात पाल चुकचुकली आहे. वर्षाचा गोळाबेरीज हिशेब पुरे, वीज ज्या तासाला वापरली त्याच तासाची आणि तिथवर पोचू शकेल अशीच हरित वीज धरायची, असा प्रस्ताव त्यांनी २०२५ मध्ये सूचना-हरकतींसाठी खुला केला. गुगल बऱ्याच वर्षांपासून तासागणिक हिशेबाची बाजू घेत आलं आहे. मेटा आणि ॲमेझॉन ज्या गटात आहेत त्याला मात्र वेगळीच पद्धत हवी आहे. त्यांचंही बरोबरच आहे. तासागणिक हिशेब सुरू झाला, तर रात्री दोन वाजता धडधडणारे सर्व्हर सौरऊर्जेवर चालतात हे अहवालात कुठल्या तोंडाने लिहायचं?