दोन खोल्यांच्या घरात ड्रमर पाळण्याविषयी

गिटार कुशीत घेऊन वाजवता येते आणि की-बोर्ड पलंगाखाली सरकवता येतो. परंतु किक, स्नेअर, टॉम आणि स्टँडवरच्या झांजा यांचा संसार एकदा मांडला की घरातील माणसांचा संसार जिन्यात मांडावा लागतो, आणि पहिल्याच ठोक्याला सोसायटीचे सचिव दारात येऊन उभे राहतात ते वेगळेच. या कारणास्तव घरच्या घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्या संगीतसाधकाने शरीर नसलेला ड्रमर बाळगावा, याविषयी आता दुमत उरलेले नाही. त्याला चहा लागत नाही, तो उशिरा येत नाही आणि मुख्य म्हणजे तो कधीही चुकत नाही. प्रस्तुत मार्गदर्शन या शेवटच्या दोषाच्या निवारणासाठी आहे.

हा ड्रमर सॅम्पलांचा बनलेला असतो. सॅम्पल म्हणजे खऱ्या ड्रमवर खऱ्या माणसाने केलेल्या आघाताचे ध्वनिमुद्रण, जे हवे तेव्हा कळ दाबून वाजवता येते. १९८० साली रॉजर लिन यांनी आणलेल्या एलएम-१ या यंत्रात अशी सॅम्पले प्रथम वापरली गेली. त्यात क्रॅश झांज मात्र नव्हती, कारण झांजेचा लांबणारा निनाद साठवण्याइतकी मेमरी त्या काळी परवडत नव्हती. मागेपुढे पडलेला ठोका आपोआप जागेवर आणून बसवणारी क्वांटाइझची सोय त्या यंत्रात होती, आणि जागेवर बसलेला ठोका ठरावीक प्रमाणात मागे ढकलून चाल झुलती करणारी स्विंगची सोयही त्यातच होती. सरळ करण्याचे आणि पुन्हा वाकडे करण्याचे साधन असे एकाच पेटीत मिळू लागले, आणि साधकाच्या रात्री तेव्हापासून या दोन बटणांच्या मधल्या जागेत जातात.

आरंभी ठोक्यांचे जोर बदलावेत. वाद्ये आणि संगणक ज्या सांकेतिक पद्धतीने एकमेकांना सूचना देतात त्या मिडीमध्ये प्रत्येक ठोक्याचा जोर १ ते १२७ या आकड्यांत लिहिला जातो व त्यास व्हेलॉसिटी म्हणतात. नवशिका सगळे ठोके १२७ वर नेऊन ठेवतो, कारण फुकट वाढवायला मिळाले की वाढवावे हा मनुष्यस्वभावच आहे. मग एकच सॅम्पल एकाच जोराने सलग वाजते आणि स्नेअरच्या जागी शिलाई मशीन ऐकू येते. त्यावर तोडगा म्हणून एकाच ठोक्याची अनेक सॅम्पले आळीपाळीने वाजवणारी राउंड रॉबिन नावाची व्यवस्था असते, म्हणजे खऱ्या वादकाला जे टाळू म्हटले तरी टाळता येत नाही ते येथे पैसे मोजून मिळवावे लागते.

त्यानंतर ड्रमरचे अवयव मोजावेत; हातपाय मिळून ते साधारणपणे चार भरतात. हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या जोडझांजेवर, एक हात चालू असताना आणि दुसरा हात स्नेअरवर पडत असताना त्याच क्षणी क्रॅशही वाजली, तर ती कोणी वाजवली याचे उत्तर साधकापाशी असले पाहिजे, कारण तिसऱ्या हाताची सोय केवळ देवादिकांना आहे. अशा ठिकाणी हाय-हॅटचा तो एक ठोका पुसून टाकावा. पुसलेल्या त्या जागेतूनच कोणीतरी हात उचलून क्रॅशकडे नेल्याचा भास होतो, आणि सगळ्या गाण्यात माणसासारखे काही वाजत असेल तर ते बहुधा ही न वाजलेली जागाच असते. पायाचेही तसेच आहे: उघड्या हाय-हॅटचा चरचरीत आवाज ती मिटताच तुटला नाही, तर एकच दार उघडे आणि बंद असल्यासारखे ऐकू येते.

आता काळाविषयी. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत एका मात्रेचे चार भाग केले की प्रत्येक भाग १५० मिलिसेकंदांचा होतो. त्यात स्नेअर दहा-बारा मिलिसेकंदांनी मागे ओढली की गाणे खुर्चीत टेकून बसते, पुढे ढकलली की उठून उभे राहते. हे कष्ट वाचवण्यासाठी ह्युमनाइज नावाचे बटण दिलेले असते, जे सगळे ठोके वाटेल तसे विस्कटून देते आणि त्यालाच माणूसपण समजते. वास्तविक माणूस वाटेल तसा चुकत नाही, सवयीने चुकतो. त्याची स्नेअर नेहमी तिथेच रेंगाळते आणि फिल, म्हणजे दोन कडव्यांमधला भरणा, आला की तो नेहमी तिथेच घाई करतो. तबल्याची सॅम्पले वापरणाऱ्याची अवस्था तर अधिकच बिकट असते, कारण डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड सॅम्पलमध्ये गोठलेली असते, आणि प्रत्येक ‘धा’ त्याच पायरीपर्यंत चढून थांबतो.

या रीतीने तीन रात्री खपल्यावर आठ बार, म्हणजे चार-चार मात्रांचे आठ गट, जिवंत वाटू लागतात. वरील लयीत हे सुमारे १९ सेकंद झाले. पुढे साधक ते आठ बार उचलून गाण्याच्या शेवटापर्यंत चिकटवत जातो, त्यामुळे मोठ्या कष्टाने घातलेली चूक दर १९ सेकंदांनी अचूक त्याच जागी येते. असे लक्षात आल्यास नवव्या बारपासून पुन्हा सुरुवात करावी.